वर्ध्याहून आलेलं उत्तर

विचारायला गेले एक आणि ऐकून आले दुसरंच, असं मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मंडळींचं झालं. १९४० चा डिसेंबर होता. १४ तारखेपासून ब्रेबर्न स्टेडियमवर पंचरंगी सामने सुरू व्हायचे होते. ऑक्टोबरात विनोबांनी वैयक्तिक सत्याग्रहाला सुरुवात केली होती आणि त्यांच्या पाठोपाठ जवाहरलाल, वल्लभभाई असे एकेक पुढारी गजाआड गेले होते. पुढारी तुरुंगात आणि आपण चर्चगेटला बसून टाळ्या वाजवायच्या, हे शोभतं का, असं मुंबईत बोललं जाऊ लागलं. सामने बंद पाडण्याची चळवळही उभी राहिली. तेव्हा जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गेलं. त्यांचा प्रश्न साधा होता : यंदा हिंदूंच्या संघाने उतरावं की नाही?

गांधीजींनी उत्तरादाखल एक निवेदन काढलं. इंग्रजीत, जेमतेम आठ-दहा वाक्यांचं. त्यावर मुंबईत रणकंदन माजलं. धर्म आणि खेळ यांवर मोठ्या माणसांनी केलेली विधानं आपल्याकडे पुष्कळ गाजतात, पण त्यांतली बहुतेक गाजण्यापुरतीच असतात. बोलणाऱ्याचं नाव काढून घेतलं की हातात काही उरत नाही. हे निवेदन तसं नाही. एखादी कविता वाचावी तसं ते ओळ ओळ थांबून वाचता येतं, आणि तसं वाचलं की त्याचं सामर्थ्य दिसतं आणि त्यातली फटही.

आधी सामन्यांविषयी थोडं. १८७७ मध्ये मुंबईत युरोपियन आणि पारशी यांच्यात क्रिकेटचा सामना झाला. त्यातून पुढे वार्षिक लढत उभी राहिली. १९०७ मध्ये हिंदू आले आणि सामने तिरंगी झाले, १९१२ मध्ये मुसलमान आल्यावर चौरंगी. १९३७ पासून पाचवा संघ आला. या चारांत न बसणारे ख्रिश्चन, अँग्लो-इंडियन, ज्यू वगैरे सगळे त्यात, आणि त्याचं नावच ‘बाकीचे’. रणजी करंडक १९३४ पासून सुरू होता, पण गर्दी खेचायची ती पंचरंगीनेच. मुंबईच्या हिवाळ्यातला तो सण होता.

आता निवेदन. सुरुवातीला गांधीजी म्हणतात, या सामन्यांविषयी माझं मत अनेकांनी विचारलं आहे आणि ते थांबवण्याच्या चळवळीची माहिती मला आत्ताच मिळाली. ही चळवळ सत्याग्रहींच्या अटकेबद्दलचा शोक म्हणून आहे, असं ते नोंदवतात. इथे थांबले असते तरी शिष्टमंडळाचं काम झालं असतं. पण लगेच ते शोकाचं कारणच मोठं करून टाकतात. युरोपचं स्थिर जीवन आणि तिथली संस्कृती धोक्यात आणणारं, आशियालाही गिळू पाहणारं युद्ध चालू असताना जगातल्या प्रत्येक विचारी माणसाने सुतकात असायला हवं. अशा वेळी करमणूक मला मान्य नाही, असं ते म्हणतात. त्या हिवाळ्यात लंडनवर रात्री रात्री बाँब पडत होते. ज्या साम्राज्याशी आपला झगडा चालू आहे, ज्याने आपले सहकारी नुकतेच आत टाकले आहेत, त्याच्या राजधानीवरचं संकटही आपल्या सुतकात धरणारं हे वाक्य आहे. काँग्रेसच्या तुरुंगातून ते एकदम युरोपच्या रणांगणावर जातं, आणि तरी कुठे आवाज चढलेला नाही.

मला याहून आवडते ती पुढची जागा. सामने थांबवण्याच्या चळवळीचं मी स्वागत करतो, असं ते म्हणतात आणि त्याच दमात सांगतात की हे स्वागत संकुचित भूमिकेवरून आहे. पाठिंबा देणारा माणूस स्वतःच्या पाठिंब्याला संकुचित म्हणतो, हे राजकारणात सहसा पाहायला मिळत नाही. चळवळवाल्यांना हवं ते मिळालं, पण ते घेऊन निघण्याआधीच त्याची किंमत देणाऱ्याने कमी करून ठेवली. कारण त्याला पुढचं बोलायचं होतं.

आणि ते पुढचं येतं कसं? जाता जाता. अनुषंगाने एक सांगतो, असा सूर लावून ते म्हणतात की मुंबईच्या जनतेने आपली क्रीडासंहिता सुधारून तिच्यातून जातीय सामने काढून टाकावेत. निवेदनातली सर्वांत जड गोष्ट सर्वांत हलक्या हाताने ठेवलेली आहे. सुतक आज आहे, उद्या फिटेल. पण धर्मावर संघ पाडण्याची रीत साठ वर्षांची होती. तिला हात घालायचा तर समोरचा सावध होण्याआधीच घालायला हवा. चांगले वकील उलटतपासणीत महत्त्वाचा प्रश्न असाच, कागद आवरता आवरता टाकतात. गांधीजी मुंबईच्या कोर्टात वकिलीत फारसे रमले नव्हते, पण हे कसब त्यांच्यात होतं.

बोलायचं कोणाशी, हेही इथे बदललं आहे. प्रश्न जिमखान्याचा होता. उत्तर मुंबईच्या जनतेला आहे. समोर बसलेल्या पदाधिकाऱ्यांच्या डोक्यावरून ते थेट तिकीट काढून येणाऱ्या माणसाकडे जातं. निवेदनावर जो गदारोळ झाला तो याच ठिकाणी चुकला, असं मला वाटतं. सामन्यांची बाजू घेणारे म्हणत होते की खेळाडूंमध्ये वैर नाही, मैदानावर आम्ही एकमेकांचे मित्र असतो, या सामन्यांनी जमातींत सलोखाच वाढतो. त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. पण निवेदनात खेळाडूंविषयी एक अक्षरही नाही. अकरा जणांच्या मनात काय आहे हा गांधीजींचा प्रश्नच नव्हता. स्टँडमधली हजारो माणसं कोणत्या नावाने ओरडतात, हा होता. एक बाजू ड्रेसिंग रूमची साक्ष काढत राहिली, दुसरी गॅलरीची, आणि दोघांची गाठ पडलीच नाही.

पुढच्या वाक्यात ते म्हणतात : कॉलेजांचे आणि संस्थांचे सामने मला समजू शकतात, पण हिंदू, पारशी, मुसलमान आणि इतर जातीय संघ कशासाठी, ते मला कधीच कळलेलं नाही.

हे ‘न कळणं’ गांधीजींचं खास आहे. म्हाताऱ्या माणसाने कानाला हात लावून, काय म्हणालात, असं विचारावं तसं. खरं तर क्रिकेट त्यांना अगदी परकं नव्हतं. राजकोटच्या शाळेत दोराबजी एदलजी गिमी या हेडमास्तरांनी व्यायाम आणि क्रिकेट सक्तीचं केलं होतं आणि आपल्याला त्याचा कंटाळा होता, हे त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलं आहे. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या बहिणीने सह्यांची वही पुढे केली तेव्हा त्यांनी पानं चाळून १९३३-३४ च्या एम.सी.सी. संघाच्या सह्यांचं पान काढलं आणि सोळा खेळाडूंच्या खाली सतरावे म्हणून स्वतःची सही ठोकली, अशी हकिकत आहे. तर कळत नाही म्हणणाऱ्या माणसाला पुष्कळ कळत होतं. आणि हिंदू, मुसलमान, पारशी या भाषेत देशाकडे पाहणं त्यांना न कळण्याजोगं होतं, असं तर मुळीच म्हणता येणार नाही. खिलाफतीच्या दिवसांत त्यांनी धर्माच्या हाकेवर लोकांना रस्त्यावर आणलं होतं. त्यांच्या प्रार्थनासभेत सगळ्या धर्मांच्या प्रार्थना व्हायच्या, पण त्या आपापल्या नावानेच. टीकाकाराने बोट ठेवावं अशी ही जागा आहे. माझा स्वतःचा तर्क असा की प्रार्थनेत वेगळेपण त्यांना चालत होतं, कारण तिथे कोणी हरत नाही. सामन्यात हरावं लागतं.

कॉलेजं आणि संस्था यांची सूट मात्र थोडी लंगडी आहे. वर्ध्याला भेटायला आलेला हिंदू जिमखाना हीदेखील संस्थाच होती. मुंबईतल्या जिमखान्यांची जागाच तशी वाटलेली. चर्नी रोडपासून मरीन लाइन्सपर्यंत समुद्राच्या बाजूने हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखाने ओळीने आहेत, आणि जमिनींचं ते वाटप एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांतल्या सरकारने केलेलं. युरोपियनांच्या बॉम्बे जिमखान्याचं हिरवंगार मैदान वेगळं, तिथे हिंदी माणसाला सभासदत्व नव्हतं. म्हणजे संघ धर्मावर पाडण्याआधी मैदानंच धर्मावर आणि वर्णावर पाडलेली होती.

इथे निवेदनातली एक गैरहजेरी डोळ्यांत भरते. हिंदू, पारशी, मुसलमान यांची नावं आहेत. ‘इतर’मध्ये पाचवे ‘बाकीचे’ आले. युरोपियन संघाचं नाव नाही. वास्तविक या झाडाचं मूळ तोच संघ. गोऱ्यांनी आपला स्वतंत्र संघ केला म्हणून पारशांना त्यांच्याविरुद्ध आपला करावा लागला, मग हिंदूंना, मग मुसलमानांना. १९०६ मध्ये, सामने तिरंगी होण्याआधीच, हिंदूंनी युरोपियनांना हरवलं तेव्हा देशी वर्तमानपत्रांनी तो विजय राष्ट्राचा म्हणून मिरवला, आणि तेव्हा तरी त्यात खोटं काय होतं? राज्यकर्त्याला त्याच्याच खेळात, त्याच्याच नियमांनी हरवायची ती एकमेव जागा होती. १९४० पर्यंत युरोपियन संघ दुबळा झाला होता आणि झुंज उरली होती ती मुख्यतः हिंदू आणि मुसलमान यांच्यात. गोऱ्यांचा संघ ‘इतर’मध्येच धरला असेल असं म्हणता येईल. पण सुतकाच्या वाक्यात युरोपचं नाव घेणाऱ्याने दोषाच्या वाक्यात ते घेऊ नये, हे सौजन्य म्हणायचं की आपलं घर आधी झाडायची सवय? मी दुसऱ्या बाजूला झुकतो.

मग येतं निवेदनाचं हृदय, आणि ते प्रश्नाच्या रूपात येतं. असले विभाग खेळाच्या भाषेत आणि रीतीभातीत निषिद्ध मानले जात असतील अशी माझी समजूत होती, असं म्हणून ते विचारतात : जातीय भावनेचा स्पर्श नसलेलं जीवनाचं एखादं तरी क्षेत्र आपल्याला ठेवता येणार नाही का?

या प्रश्नात विनवणी आहे, थकवाही आहे. विधिमंडळ धर्मवार मतदारसंघांनी वाटलं गेलं होतं. त्याच वर्षी मार्चमध्ये लाहोरला मुस्लिम लीगने वेगळ्या राज्यांचा ठराव केला होता. नोकऱ्यांत, स्टेशनवरच्या पाण्यातसुद्धा हिंदू-मुसलमान होतं. सगळीकडून मागे सरत आलेला माणूस निदान एवढं तरी ठेवा म्हणून बाउंड्रीची दोरी दाखवतो आहे. सबंध निवेदनात आदेशाचा सूर नाही, पण या वाक्यात तर मागणंही नाही. नुसतं विचारणं आहे. आणि ज्याला नाही असं उत्तर देता येत नाही असा प्रश्न विचारून ठेवणं, याहून चतुर बोलणं कोणतं?

तरीही उत्तर नाही असंच द्यावं लागतं, आणि ते पळवणकरांच्या घरातून येतं.

पळवणकर बाळू यांनी पुण्यात पारशांच्या आणि मग युरोपियनांच्या क्लबात महिना तीन-चार रुपयांवर मैदान राखण्याचं काम केलं. नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. चांभार समाजातला हा गोलंदाज पुण्याच्या हिंदूंना हवा होता, कारण त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. म्हणून संघात घेतलं. चेंडू सगळ्यांनी एकच हाताळायचा. चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. १९०६ च्या त्या विजयात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. पण हिंदूंचं कर्णधारपद त्यांना कधी मिळालं नाही. १९२० मध्ये याच अन्यायावरून त्यांच्या भावांनी जाहीर पत्र काढून संघातून अंग काढून घेतलं. त्या पत्राने तेव्हा खळबळ उडवली होती. अखेर १९२३ मध्ये धाकटे भाऊ विठ्ठल हिंदूंचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली.

म्हणजे गांधीजींना ज्याचं कारण कधीच कळलं नाही, त्या हिंदू संघात एक लढाई वीस वर्षं चालली होती आणि जिंकलीही गेली होती. अस्पृश्य हिंदू आहे की नाही, हा प्रश्न सभेच्या व्यासपीठावर जेवढा लढवला गेला त्याहून उघडपणे तो त्या संघाच्या निवडीत लढवला गेला. ज्याच्या हाताखाली सवर्ण खेळाडू क्षेत्ररक्षणाला उभे राहतात त्याला वेगळ्या भांड्यात चहा कसा द्यायचा? हे सगळं हिंदू या नावाचा संघ होता म्हणून घडलं. आणि गांधीजींना बाळू माहीत नव्हते असंही नाही. सप्टेंबर १९३२ मध्ये येरवड्याला ज्या करारावर गांधीजींचं उपोषण सुटलं त्या पुणे कराराखाली ज्यांच्या सह्या आहेत, त्यांत पी. बाळू हेही एक. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना डॉ. आंबेडकरांच्या विरुद्ध उभं केलं होतं, ते हरले. इतकं जवळचं उदाहरण असून निवेदनात त्याची सावलीदेखील पडत नाही. आठ-दहा वाक्यांत सगळं कसं यावं, हे मान्य. पण जे मैदान त्यांना धर्माने मळलेलं दिसत होतं, तिथेच धर्माची एक भिंत पाडलीही गेली होती, हे कळलं असतं तर कदाचित प्रश्न थोडा वेगळा विचारला गेला असता.

राहिलं शेवटचं वाक्य. ते लांब आहे आणि त्यातच घोटाळा आहे. चळवळ करणाऱ्यांना गांधीजी सांगतात की मुद्दा व्यापक करा, उच्च भूमिकेवरून विचार करा आणि क्रीडाजगतातून हा जातीय डाग कायमचा घालवायचं ठरवा; आणि हा रक्तपात संपेपर्यंत असले खेळही सामाजिक जीवनातून दूर ठेवायचं ठरवा. एकाच वाक्यात दोन बंद्या. एक कायमची, एक तात्पुरती. एक पंचरंगीपुरती, दुसरी सगळ्याच खेळांना लागू. दुसरी कोणी मनावर घेणार नाही हे त्यांनाही ठाऊक असावं. पण ती पहिलीच्या शेजारी बसल्यामुळे पहिलीचाही भाव उतरला. उच्च भूमिकेवर चढवून नेलेलं निवेदन शेवटच्या पायरीवर पुन्हा सुतकात उतरलं. आणि शेवटचं ऐकलेलं लोकांच्या लक्षात राहतं.

पुढे नेमकं तेच झालं. जिमखान्याच्या सभासदांची सभा भरली, बरीच वादावादी होऊन मतदान झालं आणि माघारीच्या बाजूने कौल लागला. हिंदूंशिवाय सामने झाले, मुसलमानांनी जिंकले. तसा माघारीचा हिंदू जिमखान्याला सरावही होता : तीनच वर्षांपूर्वी, ब्रेबर्न नवं कोरं असताना, स्टेडियममधल्या जागा कमी मिळाल्या म्हणून ते रुसून बाहेर राहिले होते. १९४० ची माघारही एका वर्षाचीच ठरली. १९४१ मध्ये हिंदू संघ परत आला आणि जिंकला. गांधीजींनी ज्या कारणाला संकुचित म्हटलं होतं तेवढंच जिमखान्याने उचललं. रेडिओवर पंचरंगीचं धावतं वर्णन करून नावारूपाला आलेले ए. एफ. एस. तल्यारखान यांच्यासारखे काही जण पुढे या सामन्यांच्या विरोधात उभे राहिले खरे. पण गर्दी हटली नाही.

आणि हटावी तरी कशी? १९४३ च्या अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी हिंदूंसाठी नाबाद अडीचशे केले. त्याला उत्तर म्हणून बाकीच्यांच्या संघातून सांगलीचा विजय हजारे उभा राहिला. फॉलोऑन मिळालेला, दुसऱ्या टोकाला भाऊ विवेक. दोघांनी तीनशेची भागी केली, त्यात विवेकच्या धावा एकवीस. संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्या हजारेच्या. सामना हरलाच, पण मराठी बोलणारा हा ख्रिश्चन फलंदाज हिंदूंविरुद्ध खेळताना मुंबईच्या मराठी प्रेक्षकाने मनातून कोणाच्या बाजूने राहायचं होतं? या प्रश्नाचं उत्तर निवेदनात नाही आणि निवेदनाच्या विरोधकांपाशीही नाही. पुढच्या मोसमात हिंदूंविरुद्ध के. सी. इब्राहिम शेवटपर्यंत नाबाद राहिले आणि मुसलमान एका गड्याने जिंकले. मर्चंट स्वतः त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये अभिनंदनाला गेले. सलोख्याची बाजू मांडणाऱ्यांना यापेक्षा भक्कम साक्ष कोणती हवी? हेच इब्राहिम १९४८ मध्ये भारताकडून कसोटी खेळले आणि नंतर कराचीला जाऊन राहिले.

१९४५-४६ च्या मोसमानंतर पंचरंगी सामने झाले नाहीत. क्रिकेट बोर्डाने त्यांच्या जागी विभागवार संघांची स्पर्धा आणली. ज्या रक्तपाताचा उल्लेख निवेदनात होता तो युरोपातला केव्हाच थांबला होता. पंचरंगीचा पुढचा मोसम ज्या हिवाळ्यात आला असता, त्या हिवाळ्यात गांधीजी नौखालीत होते आणि मुंबईतही दंगलीचे चाकू निघाले होते. डाग घालवायचा म्हणून कोणी ठरवून सामने बंद केले, असं त्या वेळच्या परिस्थितीकडे पाहून म्हणवत नाही. हिंदू आणि मुसलमान एका तिकिटावर एकाच स्टेडियममध्ये तीन-चार दिवस शेजारी बसवण्याची हिंमतच तेव्हा कोणाकडे उरली नव्हती.